किमान आठ बांगडे

मासा केवढा होता हे सांगताना ज्याचे दोन्ही हात खिशात असतात, असा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. बाकी सगळी दुनिया हात पसरते. गळ टाकून बसणारे पसरतात, दर्यावर जाणारे पसरतात, आणि लहानपणी आजोळच्या नदीत मरळ पाहिली होती असं सांगणारे निवृत्त बँक अधिकारी तर सोफ्यावर शेजारी बसलेल्याचा चष्मा पडेपर्यंत पसरतात. काटेसर मात्र हात खिशात घालतात, छताकडे बघतात आणि म्हणतात, "बेचाळीस सेंटिमीटर. अधिक-उणे पाच."

सरांचं आडनाव काटे नाही. उत्खननात सापडलेले माशांचे काटे मोजून जिवंतपणी तो मासा केवढा असेल हे काढायचं, हा त्यांचा व्यवसाय. म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव, आणि आता कुरिअरवालाही ते वापरतो. ही माणसांची एक जातच आहे. जगात सगळीकडे सापडते, पण मूठभर. पुण्यात डेक्कन कॉलेजमुळे जुन्या हाडांचा अभ्यास बरीच दशकं मुरलेला आहे, त्यामुळे तिचा एखादा नमुना आपल्याकडेही दृष्टीस पडतो. त्यातही गाई-बैलांच्या हाडांचे जाणकार पुष्कळ, शेळ्या-मेंढ्यांचेही आहेत. माशांवाला विरळा. बैलाच्या मांडीचं हाड टेबलावर ठेवलं की पाहुणे आपोआप गप्प होतात. माशाचा मणका ठेवला तर कोणीतरी चहाचा कप त्यावर ठेवतं.

खोदकामावरून सरांकडे पिशव्या येतात. प्रत्येकीवर चिठ्ठी असते: चर अमुक, थर तमुक, खोली इतकी. आत चार-पाच मिलिमीटरचे पिवळट तुकडे असतात. तुम्हाआम्हाला ते सगळे एकसारखेच दिसतील. सर ते काळ्या कागदावर ओततात, चिमट्याने एकेक उचलतात आणि पुटपुटतात, "डावा जबडा… पहिला मणका… हा कोंबडीचा, हा कसा आला इथे?" मग कॅलिपर निघतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजणी सुरू होते.

हे सगळं कशासाठी, असं त्यांना विचारू नये. विचारलंच तर बसायला जागा शोधावी. मासा केवढा होता ते कळलं की तो काठाशी धरला की खोल पाण्यात, गळाने की जाळ्याने, याचा अंदाज लागतो. खालच्या थरात मोठे मासे आणि वरच्या थरात लहान असं दिसलं, तर मधल्या पिढ्यांनी खाडी ओरबाडली असेल अशी शंका घेता येते. आणि मासा हा या कामाला फार सोयीचा प्राणी आहे. बैल काही वर्षांत पुरता वाढतो आणि मग थांबतो. मासा मरेपर्यंत वाढत राहतो, उतारवयात सावकाश, पण वाढतो. म्हणून हाड मोठं तर मासा मोठा. "माणसांतही असे असतात काही," सर माझ्या पोटाकडे न बघता म्हणतात, "पण त्यांची वाढ हाडात दिसत नाही."

अडचण एवढीच की हाडावरून मासा काढायचा, तर त्याआधी माशावरून हाड काढावं लागतं. म्हणजे आजचा ताजा मासा आणायचा, त्याची लांबी-वजन घ्यायचं, मग त्याचा सांगाडा वेगळा करून एकेक हाड मोजायचं. एका जातीचा एक मासा पुरत नाही. बोटभर पिल्लापासून बाजारात मिळेल त्या सगळ्यांत मोठ्यापर्यंत, मधले सगळे आकार हवेत. त्यामुळे सर भल्या सकाळी गणेश पेठेतल्या मच्छी मार्केटात दिसतात. तिथे त्यांची ख्याती आहे, पण ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे.

ते पाटीसमोर उभे राहतात आणि टेप काढतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप, शेपटीच्या टोकापर्यंत दुसरं. शेपटीची टोकं झिजतात, तुटतात, म्हणून पहिलं माप जास्त भरवशाचं. मावशी थोडा वेळ बघतात आणि म्हणतात, "काका, मासळी घ्यायला आलात का मुलगी बघायला?" सर ऐकत नाहीत. त्यांना लहान करकरा मिळालाय, मोठा मिळालाय, मधला मिळत नाहीये. मिळाला की खरी झटापट सुरू होते. मावशी सवयीने कोयता उचलतात आणि सर किंचाळतात, "डोकं नका काढू! डोकंच हवंय!" खवले काढू नका, कल्ले ओढू नका, पोट चिरू नका, तिथे कल्ल्यामागचं हाड दुखावतं.

"मग खाणार कसा?"

"खाणार नाही. शिजवणार."

"आणि?"

"मांस काढून टाकणार, काटे ठेवणार."

मावशी यावर काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी भाव उतरवला. घरात काहीतरी दुःख असेल असं त्यांना वाटलं असावं.

उरलेला कार्यक्रम सरांच्या इमारतीच्या गच्चीवर होतो. मोठं पातेलं, मंद आच, जुने दातांचे ब्रश, आणि शुभ्र प्लास्टिकच्या डब्यांची रांग. खळाखळा उकळून चालत नाही, बारीक हाडं वेडीवाकडी होतात. श्रावणात सोसायटीत नोटीस लागली: 'गच्चीवर मासे उकळणे बंद करावे.' दुसऱ्या दिवशी तिच्याखाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'उकळणे नव्हे. ७० अंशांच्या आसपास.' सरांच्या मते तक्रारीतला शास्त्रीय दोष दुरुस्त केल्यावर तक्रारच उरली नव्हती. काही प्रयोगशाळांत मांस खाणारे भुंगेरे पाळतात, ते सांगाडा लख्ख करून देतात. हा पर्याय सरांनी घरी एकदा जेवताना मांडला. वहिनींनी आमटीचा डाव खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला: "अहो." भुंगेऱ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मांजरांचं मात्र कोणालाच काही करता आलं नाही. गल्लीतली समस्त मांजरं या संशोधनाशी संलग्न आहेत. सरांच्या नोंदवहीत, वळणदार अक्षरात, मी स्वतः वाचलेली नोंद अशी: 'क्र. ३१. करकरा. वरच्या जबड्याचं उजवं हाड मांजरीने नेले. डावे उपलब्ध.' पुढच्या रकान्यात मांजरीचा रंगही होता. का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

मोजमापं जमली की गणित. एका अक्षावर जबड्याची रुंदी, दुसऱ्यावर माशाची लांबी, दोन्हींचे लॉग घ्यायचे, आणि ठिपक्यांमधून रेष ओढायची. उत्खननातल्या जबड्याची रुंदी त्या रेषेवर टेकवली की लांबी मिळते. पद्धत जुनी आहे. रिचर्ड कॅस्टील यांचं १९७६ सालचं पुस्तक सर पोथीसारखं कापडात बांधून ठेवतात. न्यूझीलंडात फॉस लीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नॅपरच्या जबड्यांवर हेच काम इतक्या चिकाटीने केलं की सर त्यांचं नाव घेताना खुर्चीत जरा ताठ बसतात. जबडा सापडला तर उत्तमच. मणके मात्र घात करतात, कारण एकाच माशाच्या पाठीत मानेजवळचा मणका वेगळा, शेपटीजवळचा वेगळा. कितवा मणका हे न ओळखता माप टेकवलं तर तोच मासा दोन वेगवेगळ्या लांबीचा निघतो. पहिला मणका तेवढा ओळखू येतो आणि माशागणिक एकच असतो, म्हणून सरांचा त्यावर जीव.

लांबीपर्यंत सर आनंदात असतात. वजन विचारलं की चेहरा पडतो. वजन साधारण लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दुप्पट तर वजन आठपट. लांबीत दहा टक्क्यांची चूक झाली की वजनात तेहतीस टक्क्यांची होते. हे त्यांनी मला समजावलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि ते खरोखर व्यथित होते. हिशोबातली ही धास्ती मग सगळ्या आयुष्यात पसरते. जेवायला कधी येताय विचारलं तर "साडेआठ, अधिक-उणे वीस मिनिटं." मुलीच्या लग्नात कार्यालयवाल्याने पानांचा आकडा विचारला तेव्हा सरांनी त्याला पंचाण्णव टक्के खात्रीची खालची आणि वरची मर्यादा दिली. कार्यालयवाल्याने वरची घेतली.

त्यांच्या घरात या शास्त्राची दुसरी शाखाही नांदते. वहिनींच्या आई मालवणच्या. वर्षातले काही महिने त्या पुण्यात असतात आणि दुपारी सरांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहतात. सर तेव्हा एका मणक्यावर अर्धा दिवस घालवून सुरमई, सुमारे सव्वादोन किलो अशा निष्कर्षाला पोचलेले असतात. सासूबाई मणका बोटात धरतात, उजेडात फिरवतात.

"सा माणसांका पुरतली," त्या सांगतात, "पण जावय इलो तर पुराची नाय."

आता सामान्य माणूस इथे हरला असता किंवा चिडला असता. सरांनी वही काढली. कारण हाडावरून लांबी, लांबीवरून वजन, वजनावरून खाण्याजोगं मांस आणि मांसावरून किती तोंडं जेवली, ही त्यांच्या शास्त्राची अख्खी शिडी आहे आणि प्रत्येक पायरीवर चूक वाढत जाते. ही बाई मधल्या पायऱ्या गाळून थेट माळ्यावर पोचली होती. सरांनी महिनाभर तिला मणके दाखवले आणि नोंदी ठेवल्या. सुरमई, हलवा, रावस यांत त्या अचूक निघाल्या. घोळीत मात्र फसल्या, आणि का फसल्या ते सरांनी शोधलं: त्यांच्या घरी एवढी मोठी घोळ कधी अख्खी आलीच नव्हती, नेहमी तुकडे यायचे. "म्हणजे सासूबाईंची रेष तेवढ्यापर्यंतच आहे," सर म्हणाले. "रेषेच्या पलीकडे कोणीच बोलू नये." वहिनींनी हे आईला सांगितलं नाही.

घोळीवरून आठवलं. घोळीचं भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, सोन्याच्या भावाने जातं हे किनाऱ्यावर पोराटोरांना ठाऊक आहे. सर घोळीकडे जातात ते तिच्या कानातल्या खड्यासाठी. माशांच्या कानात तोल सांभाळणारे खडे असतात, घोळ-ढोम्यांच्या कुळात ते चांगले ठळक, आणि त्यांवर झाडाच्या खोडात असतात तशी वाढीची वलयं. म्हणजे आकारही कळतो आणि वयही. असा एक खडा सरांच्या पाकिटात असतो. दुकानदाराला सुटे पैसे देताना तो एकदोनदा गल्ल्यात गेला आहे आणि प्रत्येक वेळी परत मागून आणलेला आहे.

त्यांना घेऊन खानावळीत जाणं हा वेगळाच अनुभव. सर मासे खातात, आवडीने खातात, पण त्यांच्या ताटात पाहिलं तर काटे डाव्या-उजव्या अशा दोन ओळींत मांडलेले असतात. आम्ही मित्रमंडळी एकदा तळलेले बांगडे खायला गेलो होतो. जेवण झाल्यावर सर सगळ्यांच्या ताटांवर वाकले. खालच्या जबड्याची डावी हाडं वेगळी, उजवी वेगळी. कोणी एक जबडा चावून टाकला होता, त्याला दटावलं. मग बिल आलं: बांगडे दहा.

"डावे आठ आहेत," सर शांतपणे म्हणाले, "उजवे सहा. बांगड्याला डावा जबडा एकच असतो. म्हणजे किमान आठ."

खानावळीचा मालक गल्ल्यावरून उठून आला. त्याने ताटं पाहिली, ओळी पाहिल्या, सरांकडे पाहिलं.

"किमान म्हणताय ना साहेब?"

"हो."

"मग दहा असायला काय हरकत आहे?"

टेबलावर शांतता पसरली. सरांनी दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी त्यांनी दहाचं बिल दिलं, वर बक्षिसी दिली, आणि बाहेर पडताना ते इतके खूश होते की आम्हाला काळजी वाटली. हाडांवरून प्राण्यांची किमान संख्या काढता येते, खरी संख्या नव्हे, हे ते वर्षानुवर्षं वर्गात घसा फोडून सांगत आले होते. विद्यार्थ्यांना कळत नव्हतं. त्या मालकाला एका वाक्यात कळलं होतं. पुढच्या वर्षापासून पहिल्या व्याख्यानात हा किस्सा असतो, आणि विद्यार्थी तेवढाच लक्षात ठेवतात.

सोसायटीत सरांबद्दल मध्यंतरी आदर वाढला होता, तो गैरसमजातून. कोणीतरी जिन्यात विचारलं, सध्या काय चाललंय, तर सर म्हणाले, "बालाकोटचं वाचतोय. फार मोठं काम आहे ते." २०१९ सालची, बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दिवसांतली गोष्ट. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की सरांचा वरपर्यंत काहीतरी संबंध आहे. सरांचं बालाकोट वेगळं. ते कराचीच्या वायव्येला, सोनमियानीच्या आखाताजवळ. जॉर्ज डेल्स यांनी १९७०च्या दशकात खणलेलं हडप्पा संस्कृतीचं किनाऱ्यालगतचं गाव. तिथल्या माशांच्या हाडांत सगळ्यांत जास्त आहे करकरा. म्हणूनच तर ते मधल्या आकाराच्या करकऱ्यासाठी गणेश पेठेत एवढे व्याकूळ. पुढे हडप्पात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, विल्यम बेल्चर यांना समुद्री शिंगाळ्याची हाडं ओळखता आली. एवढ्या लांब मासा ताजा पोचणार नाही, म्हणजे सुकवून, खारवून आला असणार. हे सांगताना सरांचे डोळे पाणावतात. साडेचार हजार वर्षांपूर्वी पंजाबात कोणाच्या तरी घरी सुकी मासळी भाजली गेली आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, हे चित्र त्यांना फार जवळचं आहे. इमारतीत मात्र खरं बालाकोट कुठलं ते कळल्यावर आदर पूर्वपदावर आला. गच्चीची नोटीसही.

सुक्या माशाचं दुखणं असं की बरेचदा डोकं आधीच काढलेलं असतं. उत्तर युरोपातले सरांचे जातभाई यावर फार बोलतात. नॉर्वेत कॉड वाळवताना डोकी तिथेच उरत आणि धड दूरच्या बाजारात जाई. त्यामुळे खाणाऱ्याच्या उकिरड्यात मणके आणि कल्ल्यामागची हाडं सापडतात, जबडे नाहीत. हाइथाबू या व्हायकिंग काळातल्या बंदरात सापडलेल्या कॉडची हाडं उत्तर नॉर्वेतल्या माशांची, हे २०१७ साली डीएनएवरून दाखवलं गेलं. सरांना त्याचा आनंद झाला, पण निखळ नाही. "डीएनएला मासा कुठला ते कळतं," ते म्हणाले. "केवढा ते नाही कळत."

आता त्यांचे शत्रू. मांजरं नव्हेत, सासूबाई तर नव्हेतच. शत्रू एक म्हणजे माती. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मासे खाल्ले गेले, आणि कोकणातली लाल, आम्लधर्मी माती आणि धो-धो पाऊस हाडं खाऊन टाकतात. कानातले खडे तर आणखी लवकर विरघळतात. जिथे खाणारे जास्त तिथे पुरावा कमी, या अन्यायावर सर कोणालाच दोष देऊ शकत नाहीत, म्हणून ते मालवणी माणसालाच सुनावतात: "तुम्ही लोकांनी थोडे काटे चुनखडीत तरी टाकायचे."

दुसरा शत्रू चाळणी. पूर्वी खोदकामावर मजूर जे दिसेल ते हाताने वेचायचे. दिसणार काय, तर मोठी हाडं. चाळणी आली तरी तिची भोकं मोठी असली की मांदेली, तारली, बोंबील सगळे खाली गळून मातीच्या ढिगात. मग अहवालात छापून येतं की इथले लोक मोठ्या माशांचे शौकीन होते. सर असा अहवाल वाचतात आणि खोलीत येरझाऱ्या घालतात. "हे त्यांच्या जाळ्याचं माप नाही! हे यांच्या चाळणीचं माप आहे!" बोंबलाचं तर त्यांना विशेष वाईट वाटतं. हाडं मऊ, चाळणीत सापडायची मारामार. गरिबाघरी रोज शिजणारा मासा आणि इतिहासात नाव नाही. मी एकदा म्हटलं, सर, गरिबांचंही तसंच असतं. तर ते म्हणाले, हो, पण गरिबांसाठी दोन मिलिमीटरची चाळणी नसते, बोंबलासाठी आहे, ती वापरत का नाहीत?

परवा एका ठिकाणी सरांचं जाहीर व्याख्यान झालं. एका जबड्यावरून काढलेला मासा त्यांनी पडद्यावर दाखवला आणि लांबी सांगितली: बावन्न सेंटिमीटर, अधिक-उणे सहा. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी विचारलं, "पण सर, यापेक्षा मोठा नसेलच असं नाही ना?" सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नसेलच असं कसं म्हणू. मागे एक तरुण वार्ताहर बसला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली: 'प्राचीन काळी होते महाकाय मासे! पुण्याच्या तज्ज्ञांचा दावा.' सोबत देवमाशाचं चित्र.

सरांनी संपादकांना पत्र लिहिलं. संयत, मुद्देसूद, शेवटी आकडा स्पष्ट: ५२ अधिक-उणे ६. पत्र छापून आलं, कोपऱ्यात, जागेअभावी थोडं कापून. कापताना 'उणे' गेलं. छापलं होतं: 'माशाची लांबी ५२ अधिक ६ सें.मी. होती, असे तज्ज्ञांनी पुन्हा स्पष्ट केले आहे.'

वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या, सहाच सेंटिमीटर वाढला. सरांनी आकडेमोड करून दाखवलं की लांबीत सहा म्हणजे वजनात जवळजवळ चाळीस टक्के. सासूबाईंनी ऐकलं आणि सांगितलं की मग जावय इलो तरी चलात. दुसरं पत्र लिहून तयार आहे; त्यात 'उणे' दोनदा घातलंय, एक कापलं गेलं तरी एक उरावं म्हणून.